संगणक संच, नग १

(तालुक्याच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्क्रीन गेलेल्या जुन्या संगणकाचा वाचनालयाला उपयोग’. त्याकडे येतोच. आधी हात वर करा. किती जणांच्या माळ्यावर जुना डेस्कटॉप चादरीत गुंडाळून ठेवलाय? बरेच आहेत. आता ज्यांचा फक्त स्क्रीन गेला होता त्यांनी हात तसाच ठेवा. बघा, फारसे खाली गेले नाहीत!

मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर, २०१९ साली, एका शाळेत मुलांना थोडं इलेक्ट्रॉनिक्स दाखवायला जात होतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट अनेक शाळांची आहे. तिथे एक संगणककक्ष होता. कुलूप गंजलेलं, आत नऊ संगणक, त्यातले सात बंद. शाळेचे शिपाई मामा म्हणाले, “सर, मेलेत ते.” मी एकाला वीज दिली. पंखा फिरला, स्क्रीन काळाठिक्कर. मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबलं. हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

आता हे नीट ऐका. तो दिवा कीबोर्ड आपल्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याची खबर संगणकाकडे जाते आणि ‘दिवा लाव’ हा निरोप तिकडून उलटा येतो. म्हणजे समोर अंधार असला तरी आत कोणीतरी जागं आहे, हाकेला ओ देतंय. मी मामांना हाताला धरून पुढे बसवलं, म्हटलं, दाबा. त्यांनी वीस वेळा तरी दाबलं असेल. सातपैकी पाच यंत्रांनी अशी ओ दिली.

मी मुख्याध्यापकांना म्हटलं, हे पाच मला दुरुस्त करू द्या, पैसे माझे. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडलं. त्यात ओळ होती, ‘संगणक संच, नग १’. त्याखाली पुन्हा ‘संगणक संच, नग १’. अशा नऊ ओळी. स्क्रीन, कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस, सगळं मिळून एक नग. एक घटक नादुरुस्त झाला की नग नादुरुस्त, आणि नादुरुस्त नगाचा निर्लेखन प्रस्ताव, म्हणजे नोंदीतून काढून टाकायचा प्रस्ताव, वर गेलेला. प्रस्ताव गेलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. मी अर्ज केला. ‘संचातील घटक स्वतंत्र दाखवावेत’, एवढीच विनंती. पुन्हा अर्ज केला. दीड वर्ष गेलं, मध्ये करोना आला, मुलं घरी बसली. ज्या महिन्यांत घरोघरी संगणकाची गरज होती, त्या महिन्यांत ते पाच जिवंत संगणक कुलपात होते. हे मी विसरू शकत नाही.

शेवटी मंजुरी आली आणि भंगारवाला टेम्पो घेऊन आला. किलोचा भाव. मी मुद्दाम गेलो होतो. काट्यावर एकेक कॅबिनेट चढत होतं. आठवीतल्या एका मुलाने विचारलं, “सर, यातला नम लॉकवाला कुठला?” मला ओळखता आला नाही. सगळे सारखेच दिसत होते.

तेव्हापासून मी जिथे बोलावतील तिथे जाऊन एकच सांगतो. स्क्रीन वेगळा, संगणक वेगळा. रजिस्टरमध्ये दोन ओळी करा. मोटारीचा हेडलाइट फुटला म्हणून कोणी इंजिन भंगारात देत नाही.

स्क्रीन जातो म्हणजे काय होतं, तेही सांगतो. एलसीडीचं काच-पटल स्वतः उजेड देत नाही. ते चित्र काढतं, उजेड मागून येतो. जुन्या स्क्रीनमध्ये हा उजेड बारीक, शिसपेन्सिलीहून नाजूक ट्यूबचा असायचा आणि तिला उच्च दाब पुरवणारं इन्व्हर्टरचं छोटं सर्किट असायचं. ट्यूब किंवा सर्किट गेलं की चित्र असतं, पण दिसत नाही. खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरकी धरून काचेवर मारा. चिन्हं पुसट दिसली तर पटल शाबूत आहे. पुष्कळदा दोष पॉवर सर्किटवरच्या कपॅसिटरचा, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागाचा असतो. त्याचं डोकं सपाट हवं, ते पुरीसारखं फुगलेलं सापडतं. दहा-वीस रुपयांचा भाग. पण मंडळी, घरी उघडू नका. वीज काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो. जुन्या डब्यासारख्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला तर हातच लावू नका. जाणत्या माणसाकडे न्या.

अध्यक्षसाहेबांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि कार्डावरचा विषय तर आत्ता सुरू होतोय! तर भराभर सांगतो.

स्क्रीन दुरुस्त झाला नाही तरी अडत नाही. रामायणातला कबंध आठवा. त्याला मस्तक नव्हतं, तरी सुग्रीवाकडे जायची वाट रामाला त्यानेच सांगितली. जगातले बहुतेक सर्व्हर, म्हणजे इतर यंत्रांना माहिती पुरवणारे संगणक, असेच बिनस्क्रीनचे चालतात. तुमचा जुना डेस्कटॉप तसा चालवायचा. शेजाऱ्याचा मॉनिटर किंवा घरचा टीव्ही एका दुपारपुरता जोडा. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ११ अशा यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. म्हणून विंडोजच्या जागी डेबियन लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली घाला, तीही फुकट. यंत्र ६४ बिटचं आहे ना एवढं पाहा. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरपासूनची चालतात. जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, लावा. दूरस्थ लॉगिन, म्हणजे एसएसएच, चालू करा. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, दोन गोष्टी बदला. एक, ‘हॉल्ट ऑन’ला ‘नो एरर्स’, नाहीतर कीबोर्ड नाही म्हणून यंत्र अडून बसेल आणि म्हणेल, एफ १ दाबा! दोन, वीज परत आली की आपोआप सुरू व्हायचं. भारनियमनात हीच सोय कामाला येते. घड्याळ मागे पडत असेल तर आतला नाण्यासारखा सेल बदला, सीआर २०३२. मग टीव्ही काढून घरी न्या.

उपयोग काय? एक, पुस्तकांची सूची. ‘कोहा’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर १९९९ साली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिलं गेलं. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर सन २०००च्या तारखेला अडेल अशी धास्ती होती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती भेट त्यांनी सगळ्यांसाठी खुली ठेवली. दोन, ‘किविक्स’. त्यात मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. अख्खा मराठी विकिपीडिया पेन ड्राइव्हवर मावतो. साधा राउटर जोडला की वाचनालयात आलेल्या मुलाच्या फोनवर तो उघडतो, रिचार्ज संपलेला असला तरी.

विजेचं विचाराल. माझं यंत्र मोजलं, ६२ वॅट घेतं. वाचनालय सहा तास उघडं, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साधारण सव्वानऊ युनिट. चोवीस तास चालवायचं असेल तर मात्र जुना डेस्कटॉप वापरू नका, काही वॅटवर चालणारा छोटा बोर्ड घ्या. हे मी लपवणार नाही.

झालं. ते यंत्र मी सोबत आणलंय, मासिकांच्या कपाटाखाली ठेवलंय, सकाळपासून चालू आहे. फोनमध्ये वाय-फाय लावा, ‘वाचनालय’ नावाचं दिसेल, आणि आपल्या तालुक्याचं नाव शोधा. कीबोर्डही जोडून ठेवलाय. ज्यांना नम लॉक दाबून पाहायचंय त्यांनी चहाआधी रांगेत या. मामांना आधी जाऊ द्या.