हिशेबनीसाची लिंकन

नमस्कार मंडळी. संयोजकांनी मला ‘जुन्या आलिशान मोटारी’ असा विषय दिला होता. एवढ्या वेळात तो सगळा आवाक्यात येणं अशक्य, म्हणून मी परस्पर त्याला कात्री लावून आलोय. रोल्स-रॉइस नाही, मर्सिडीज नाही. आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या त्या लांबलचक, चार दारांच्या, सहा माणसं ऐसपैस बसवणाऱ्या सेडान गाड्यांबद्दल. त्यातही एका गाडीपाशी मी जरा जास्त रेंगाळणार आहे : १९६१ ची लिंकन कॉन्टिनेन्टल. माझ्या मते या जातीतली ही सगळ्यात देखणी गाडी. आणि गंमत अशी, की ती जन्माला आली एका हिशेबाच्या माणसामुळे, ज्याला गाड्यांवरच्या नटव्या सजावटीचं काडीचंही कौतुक नव्हतं.

पण आधी थोडी भाऊबंदकी सांगायला हवी. कॅडिलॅक आणि लिंकन हे अमेरिकेतले दोन कट्टर प्रतिस्पर्धी. दोन्ही कंपन्या काढल्या एकाच माणसानं, हेन्री लेलँड यांनी. १९०२ साली हेन्री फोर्ड यांची एक कंपनी भागीदारांशी न पटल्यामुळे मोडकळीला आली. यंत्रसामग्रीची किंमत ठरवायला लेलँडना बोलावलं, तर त्यांनी सांगितलं, विकताय कशाला, माझ्याकडे इंजिन आहे, गाडी बनवा. ती कॅडिलॅक. पुढे १९१७ मध्ये लेलँड तिथून बाहेर पडले, महायुद्धासाठी विमानांची इंजिनं करायला त्यांनी नवी कंपनी काढली आणि तिला अब्राहम लिंकन यांचं नाव दिलं. १८६४ साली, आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी लिंकन यांना दिलं होतं. युद्ध संपल्यावर तिथे मोटारी बनू लागल्या, धंदा बुडाला, आणि १९२२ मध्ये ही कंपनी ८० लाख डॉलरना विकत घेतली कोणी? हेन्री फोर्ड यांनी. काही महिन्यांतच लेलँडना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. वीस वर्षांत हिशेब असा पुरता झाला.

आता लांबीकडे येऊ. या गाड्या एवढ्या लांब का? सहा माणसांना साडेपाच-पावणेसहा मीटर लोखंड लागत नाही. लांबी लागायची ती दर्जा दाखवायला. कॅडिलॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी विसाच्या दशकात एक उतरंड रचली : तळाला शेवरोले, मग पॉन्टिअक, ओल्ड्समोबिल, ब्यूइक आणि शिखरावर कॅडिलॅक. प्रत्येक खिशाला परवडेल अशी एक गाडी. बढती मिळाली की माणसानं एक पायरी वर चढायचं, आणि चढलेलं शेजाऱ्याला लांबून दिसायला हवं. ते दाखवायची जबाबदारी हार्ली अर्ल यांची. १९२७ पासून तीन दशकं ते जनरल मोटर्सच्या गाड्यांना रूप देत होते, आणि अमेरिकन मोटार अधिक लांब आणि अधिक बुटकी करणं हेच आपलं काम, असं ते स्वतःच सांगत. प्रत्यक्षात नाही जमलं, तर निदान तशी दिसली पाहिजे.

१९४८ च्या कॅडिलॅकला लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले छोटे पंख, म्हणजे फिन्स, मागच्या टोकाला फुटले. ते दरवर्षी वाढत वाढत १९५९ मध्ये असे झाले, की मागून बघताना आपण मोटार बघतोय की रॉकेट, ते कळेना. १९५७ च्या एल्डोराडो ब्रॉमची किंमत तेरा हजार डॉलरच्या वर होती. छत स्टेनलेस स्टीलचं, आत अत्तराचा फवारा, आणि पेले कलंडू नयेत म्हणून त्यांना लोहचुंबक. मला ती गाडी आवडते, पण लग्नात अंगावर सगळे दागिने एकदम घालून आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

लिंकनवाल्यांनी कॅडिलॅकला गाठायला काय केलं? त्याहून मोठी गाडी. १९५८ ची लिंकन कॉन्टिनेन्टल २२९ इंच, म्हणजे ५.८ मीटर लांब होती. त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. लिंकन विभाग तोट्यात रुतत गेला.

इथे आपले हिशेबनीस येतात. रॉबर्ट मॅक्नामारा. हार्वर्डमध्ये हिशेबशास्त्र शिकवलेलं, युद्धकाळात हवाई दलात आकडेमोड केलेली. १९४६ मध्ये तशाच काही तरुण अधिकाऱ्यांबरोबर ते फोर्डमध्ये आले. लिंकन बंद करावी का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्यांचा कल बंद करण्याकडेच होता. १९५८ च्या उन्हाळ्यात डिझाइन विभागात फिरताना त्यांना मातीचा एक नमुना दिसला. तो डिझायनर एल्वूड एन्गेल यांचा, आणि होता फोर्ड थंडरबर्डसाठी. थंडरबर्डसाठी दुसरा नमुना पसंत पडला होता, त्यामुळे हा बाजूला पडलेला. मॅक्नामारांनी विचारलं, याला चार दारं लावता येतील का?

म्हणजे मुळात दोन दारांच्या, आखूड गाडीचा हा आराखडा ताणून घेतलेला. तरीही ती आधीच्या लिंकनपेक्षा सुमारे १५ इंचांनी आखूड भरली. पंख गेले. क्रोमचे पट्टे गेले. उरली ती बॉनेटपासून डिकीपर्यंत जाणारी एक सरळ धार, वर क्रोमची बारीक किनार, आणि बाकी सपाट, कोरी बाजू. अशी कोरी बाजू करायला छाती लागते, कारण तिथे पत्र्याची एकही लहर लपत नाही.

मागच्या दाराची गोष्ट मला विशेष प्रिय. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १२३ इंच. नमुन्यात मागच्या सीटवर बसून उतरायला गेलं, की पाय दाराच्या काठात अडकायचे. गाडी लांब करायची नव्हती. मग बिजागऱ्या मागच्या बाजूला नेल्या आणि दार उलटं उघडू लागलं. गॅरेजमध्ये याला ‘सुसाइड डोअर’ म्हणतात, कारण चालत्या गाडीत ते चुकून उघडलं तर वारा त्याला मिटवण्याऐवजी फाकवतो. म्हणून डॅशबोर्डवर दार नीट न लागल्याचा इशारा देणारा दिवा दिला. आज लोक त्या दारांचे फोटो काढतात. मुळात ती जागेच्या टंचाईवरची तोड होती.

आणि मग हिशेबनीसाचं खरं काम. प्रत्येक इंजिन तीन तास चाचणीच्या चौथऱ्यावर पळवायचं, उघडून तपासायचं, पुन्हा जोडायचं. मग मिशिगनमधल्या विक्सम कारखान्यातून निघालेली प्रत्येक गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून बघायची. या भरवशावर त्यांनी दोन वर्षं किंवा २४ हजार मैलांची हमी दिली. त्या काळात अमेरिकेत एवढी कोणीच देत नव्हतं. किंमत सहा हजार डॉलरच्या जरा वर. आखूड गाडी, कमी नटवी आणि तरीही महाग, हे स्लोन यांच्या उतरंडीत बसणारं नव्हतं. त्या वर्षी औद्योगिक डिझाइनचं एक मानाचं पदक एकाच वेळी फोर्डच्या सात डिझायनरांना या गाडीसाठी मिळालं.

विक्री? पहिल्या वर्षी सुमारे २५ हजार. कॅडिलॅक त्याच वर्षी १ लाख ३८ हजार विकल्या गेल्या. तेव्हा लिंकननं बाजार जिंकला वगैरे दंतकथा मी सांगणार नाही. लिंकन जगली, एवढंच.

नोव्हेंबर १९६० मध्ये मॅक्नामारा फोर्डचे अध्यक्ष झाले आणि काही आठवड्यांत केनेडींनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून उचललं. मग व्हिएतनाम. आकड्यांवरचा तोच विश्वास तिथे कुठे घेऊन गेला, ते तुम्हाला माहीत आहे. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय. केनेडींच्या दिमतीला जी उघडी गाडी होती, ती १९६१ ची कॉन्टिनेन्टलच, सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट यांनी कापून लांब केलेली. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडी त्याच गाडीत होते. त्यानंतर तिला चिलखत चढवलं, पक्कं छत बसवलं, आणि ती पुढची तेरा-चौदा वर्षं अध्यक्षांच्या ताफ्यात राहिली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

बरं, ही गाडी चालवताना एवढं काय वाटतं? उत्तर तिच्या वजनात आणि लांबीत आहे. वजन सव्वादोन टनांच्या आसपास. चाकांच्या मानाने वरचा डोलारा एवढा जड, की चाकाला बसलेला धक्का त्याला सहजी हलवू शकत नाही. व्हीलबेस लांब, म्हणून पुढचं चाक उंचवट्यावर चढलं तरी गाडीचं नाक थोडंच वर जातं. सात लिटरचं व्ही-८ इंजिन ताशी ६० मैलांना जेमतेम दोन हजार फेरे मारतं, त्यामुळे आवाज असा नाहीच. १९५६ च्या कायद्यानं अमेरिकेत ४१ हजार मैलांचे रुंद महामार्ग बांधायला घेतले होते, आणि पेट्रोल स्वस्त होतं. नाकासमोर रस्ता, सोफ्यासारखी सलग सीट, एका बोटानं फिरणारं स्टेअरिंग. या गाड्या वेग विकत नव्हत्या; रस्ता आहे याचा विसर विकत होत्या.

वळणावर मात्र सगळा डोलारा बाहेरच्या बाजूला कलतो. आणि १९६४ पर्यंत चारही चाकांना ड्रम ब्रेक, लांब उतारावर तापले की पकड सोडणारे. अशी गाडी भरून खंबाटकीचा घाट उतरायचा म्हटलं, तर मी खाली उतरून चालत येईन. लिटरला चार-साडेचार किलोमीटर, हे मायलेज मी हळू आवाजात सांगतो.

आपल्याकडे यातलं काय पोचलं? जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या. पण या सगळ्या उतरंडीच्या खालच्या-मधल्या पायऱ्या. हिंदी सिनेमातला धनाढ्य खलनायक ज्या इम्पालातून उतरतो, ती शेवरोले, म्हणजे जनरल मोटर्सची तळाची पायरी! १९६५ या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांवर इम्पाला खपल्या. तिथल्या शिक्षकाची किंवा विमा एजंटाची गाडी इथे शेठजींची झाली. आयातबंदीची ही किमया.

पुढचा उतार भराभर सांगतो. १९६४ मध्ये लिंकननंच हार मानली आणि व्हीलबेस तीन इंचांनी वाढवला. मागे पाय अवघडतात ही गिऱ्हाइकांची तक्रार. सत्तरच्या दशकात सगळ्यांचीच भूक वाढली. कॅडिलॅकनं ८.२ लिटरचं इंजिन काढलं, आणि प्रदूषणाच्या नियमांनंतर १९७६ मध्ये त्यातून निघत होती १९० अश्वशक्ती! १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं होतं, म्हणून १९७७ ला जनरल मोटर्सनं गाड्या छाटल्या. गाडी लहान झाली की दर्जा दिसणार कसा? मग छतावर व्हिनाइल, मागच्या खांबात इवलीशी खिडकी. मला त्यात शोभेपेक्षा काळजीच जास्त दिसते. शेवटची कॅडिलॅक फ्लीटवुड १९९६ मध्ये टेक्ससच्या आर्लिंग्टनमधून निघाली आणि तो कारखाना ट्रक आणि एसयूव्हींना दिला गेला. लिंकन टाउन कार विमानतळावरच्या काळ्या भाड्याच्या गाडीच्या रूपात २०११ पर्यंत तगली. श्रीमंत कुटुंबं तोवर लिंकनच्या नॅव्हिगेटर आणि कॅडिलॅकच्या एस्कलेड या उंच एसयूव्हींमध्ये चढून बसली होती. लांबीची जागा उंचीनं घेतली.

कॉन्टिनेन्टल हे नाव २०२० मध्ये संपलं. जाता जाता कंपनीनं २०१९ मध्ये ८० गाड्यांची एक खास मालिका काढली, उलट्या उघडणाऱ्या दारांची, किंमत लाख डॉलरच्या वर. लगेच विकल्या गेल्या. ती दारं बसवायला मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात गाडी मधोमध कापून सहा इंचांनी लांब करावी लागली. १९६१ मध्ये तीच दारं बसवली होती, ती गाडी लांब करायची नव्हती म्हणून.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. फक्त मायलेज सोडून.