बांबोळीचा कागद, मार्चचा पेपर

(वाळपईचं बसस्थानक. सकाळची कदंब बस पणजीकडे निघते.)

वाळपईहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. घरात थॅलॅसेमिया मेजर (अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार) असलेलं मूल असेल तर ही खेप चुकत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. तारीख जवळ येईल तसं हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. नेमका तेव्हाच गणिताचा पेपर आला तर? वेळापत्रक हाती पडल्याबरोबर डॉक्टरांना दाखवलं, तर रक्ताची तारीख बहुधा अलीकडे घेता येते. पण हे घरच्यांना सुचवणार कोण? आमच्या मते, हे वर्गशिक्षकांचं काम.

(परीक्षा केंद्र. बाकांवर क्रमांक चिकटवले जात आहेत.)

१९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६च्या कायद्यानं ते २१ केले, आणि थॅलॅसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आले. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटं जादा दिली; तीन तासांच्या पेपरला पुरता एक तास. अट मात्र ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्याची होती.

त्या अटीला धक्का दिला तो एका डॉक्टर उमेदवारानं. लिहायला घेतलं की हात आखडायचा, पण आजार यादीत बसेना, म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगानं लेखनिक (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) नाकारला. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. ऑगस्ट २०२२मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठीही सूचना निघाल्या: लिहिण्याची अडचण वैद्यकीय समितीनं दाखल्यावर लिहून द्यायची. म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा बस, पुन्हा बुडालेली रोजंदारी.

(शाळेचं कार्यालय. टेबलावर फायली.)

टाइप वन (रोज इन्शुलिन लागणाऱ्या) मधुमेहाचं मूल या २१ प्रकारांत नाही. पेपर चालू असताना साखर उतरली तर त्याला तिथल्या तिथे काहीतरी गोड लागतं. सीबीएसईनं २०१७ साली अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी वर्गात न्यायला परवानगी दिली. पर्यवेक्षकाला ते आधी ठाऊक नसेल, तर डबा दारातच अडतो.

आणि कांजिण्या? त्या तर बहुधा ऐन मार्च-एप्रिलमध्ये येतात. वेगळी खोली मिळेल की नाही, हे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि बोर्ड यांच्या फोनाफोनीवर ठरतं.

(दोन मुली. एक सांगते आहे, दुसरी लिहिते आहे.)

लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटता यावं, असं २०१८च्या सूचनांत होतं. दोन दिवस कसले पुरतात! ‘कंसात एक्स अधिक तीन, कंसाचा वर्ग’ हे तोंडी सांगून लिहून घेणं, भूमितीची आकृती न दाखवता काढून घेणं, याला सराव लागतो. लेखनिक सहामाहीलाच बसवून पाहावा. त्याच्यासाठीचा अर्जही तेव्हाच तयार होतो.