पेटी मिळेल, पण जूनमध्ये काय?

मंडळी, नमस्कार. आपल्या मधपाळ मंडळाचा नवा वर्ग सुरू होतोय. नावनोंदणीला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं दोनच गोष्टी विचारल्या : पेटी कुठे मिळेल आणि मध किती निघेल?

पेटीचं सोपं आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे. निम्मं अनुदान, निम्मे पैसे आपले, आणि वैयक्तिक मधपाळाला दहा दिवसांचं प्रशिक्षण. त्यांचं मध संचालनालय आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरला. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. शिकायला आपल्याला लांब जायचं कारणच नाही. मग आपलं हे मधपाळ मंडळ कशाला, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, जूनसाठी.

२० मे हा जागतिक मधमाशी दिन. अंतोन यान्शा या स्लोव्हेनियाच्या मधपाळाच्या स्मरणार्थ २०१८ पासून जगभर पाळतात. आपल्याकडेही त्या दिवशी हार-तुरे, भाषणं, फोटो सगळं यथासांग होतं. आणि मग दोन-तीन आठवड्यांत पाऊस कोसळायला लागतो. घाटमाथ्यावर चार-चार दिवस उघडीप नसते. जांभूळ, हिरडा, गेळा सगळे फुलून गेलेले असतात. माशी बाहेर पडू शकत नाही, पडली तरी फुलात काही नसतं. ज्यानं मेमध्ये वरच्या मधकोठीबरोबर खालच्या पिलावाच्या, म्हणजे अंडी-अळ्यांच्या पोळ्यांच्या, चौकटींतलाही मध हावरटपणानं काढून घेतला, त्याची वसाहत जुलैत उपाशी असते. आपली सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती देशी माशी, असे हाल फार दिवस सोसत नाही. एके दिवशी सगळी वसाहत उडून जाते. पेटी तिथेच, चौकटी तिथेच, मालक मात्र सांगत फिरतो की आपल्याकडे माशी टिकत नाही. रिकाम्या पेटीत पुढे कोंबड्या अंडी घालतात, हेही पाहिलंय.

म्हणून आपल्या वर्षाची सुरुवात पावसाळ्यानं होते. साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक करायचा, कोमट झाला की वाटीत ओतायचा, वर गवताच्या काड्या टाकायच्या म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक द्यायचा तो संध्याकाळी, आणि बाहेर थेंबही सांडू द्यायचा नाही. दिवसा दिला की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात, मारामारी होते आणि दुबळी वसाहत संपते. दार अरुंद करून ठेवायचं. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या चढतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या पोळ्या काढून घ्यायच्या. मेणकिड्याचा पतंग नेमका तिथे अंडी घालतो. अळ्या पोळं पोखरत जातात, मागे जाळी सोडतात, आणि जाळी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पेटीचा तळपाट आठवड्याला साफ केला तर हे लवकर कळतं. एकट्या माणसाला भर पावसात छत्री धरून हे करायचा कंटाळा येतो. चौघं मिळून दर रविवारी एकेकाच्या पेट्या पाहत गेले की होतं. मंडळ म्हणजे एवढंच, रविवारची चार माणसं.

या रविवारच्या फेरीत आम्ही चौकट वाचायला शिकवतो. नवा माणूस पेटी उघडली की राणी शोधत बसतो. शोधू नका. घरकप्प्याच्या तळाशी उभं, बारीक, पांढरं अंडं दिसलं तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती, कारण तीन दिवसांनी अंड्याची अळी होते. तेवढी खात्री पुरे. मग पाहायचं अळी किती, बंद पिलाव किती, परागाचे रंग कोणते. पराग येतच नसेल तर वहीत लिहा. ही फुलोऱ्याची वही आमच्या मंडळाची खरी पुंजी आहे. कुठल्या आठवड्यात कुठल्या उतारावर काय फुललं, याची नोंद कुठल्याच छापील पुस्तकात तुमच्या गावापुरती मिळणार नाही. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तीही पावसाळा सरता सरता. ज्याची वसाहत तोपर्यंत जगली त्याच्याच पेटीत तो मध येणार.

काहीजण विचारतात, मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आणलेली माशी, का नाही ठेवायची, ती जास्त मध देते. देते. पण तिला सूर्यफूल, मोहरी असं फुलांमागे गाडीतून हिंडवावं लागतं, पेटीही वेगळ्या मापाची लागते. ज्याला तो व्यवसाय करायचाय त्यानं जरूर करावा. या डोंगरात घराच्या परसात सातेरीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मध काढायचा दिवस वर्गातल्या सगळ्यांच्या आवडीचा, त्यावर जास्त बोलत नाही. मेणानं बंद केलेल्याच चौकटी काढायच्या, कारण उघड्या कप्प्यांतल्या मधात पाणी जास्त असतं आणि तो आंबतो. मध काढायचं यंत्र मंडळाचं आहे, पाळीपाळीनं मिळेल. मात्र गिऱ्हाईक तुमची परीक्षा घेईल, त्याची तयारी ठेवा. खरा मध पाण्यात तळाशी बसतो, कुत्रं तोंड लावत नाही, वात भिजवून पेटवली की जळते वगैरे. गुळाचा पाकही पाण्यात तळाशी बसतो, हे त्याला करून दाखवा. आणि थंडीत मध गोठला तर साखर घातली असं म्हणणाऱ्याला समजवा, की मधात ग्लुकोज असतं, ते स्फटिक होतं; मोहरीचा मध तर फार लवकर गोठतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, आजी कितीही म्हणाल्या तरी.

आता मंडळाला येणारे फोन. इमारतीच्या सज्जाला आग्या मोहोळ लागलं की लोक घाबरून औषध मारायला माणूस बोलावतात. आग्या पेटीत राहत नाही. उघड्यावर एकच मोठं पोळं लावते आणि हंगाम संपला की आपणहून स्थलांतर करते. शक्य असेल तर थोडं थांबा, खाली धूर करू नका, दगड मारू नका, हेच आमचं पहिलं उत्तर असतं. गडावर जाणाऱ्यांनाही हेच सांगायचं, आणि तिथे अत्तर मारून जाऊ नका. सातेरी भिंतीच्या पोकळीत असेल तर आम्ही जातो. पिलावाची पोळी कापून दोऱ्यानं चौकटीत बांधायची, राणी आत आली की बाकीच्या माश्या मागे येतात. हे मात्र पाहूनच शिकायचं काम आहे.

फवारणीचंही तसंच. शेजारच्या शेतकऱ्याशी भांडून काही होत नाही. त्याच्या बांधावर जाऊन, सूर्य मावळल्यावर फवार एवढीच विनंती करायची. कांद्याच्या बियाण्याचं पीक घेणाऱ्याला माशीची किंमत सांगावी लागत नाही, ती नसेल तर त्याच्या गोंड्यात बी भरत नाही. बाकीच्यांना सांगावी लागते, आणि ती मंडळानं सांगितलेली ऐकतात.

माशी चावणार. नांगीला काटे असतात, ती विषाच्या पिशवीसकट आत राहते. नखानं खरवडा, चिमटीत धरा, कसंही करा, पण लगेच काढा. त्या जागेच्या वासानं दुसऱ्या माश्या येतात म्हणून थोडं बाजूला व्हा. सूज येते, ती उतरते. पण अंगभर गांध्या उठल्या किंवा दम लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. ज्यांना आधी असं झालंय त्यांनी आज जाताना मला भेटा, तुमचं नाव वेगळं ठेवायचंय.

पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी नऊला, पाऊस असला तरी. काळे किंवा लोकरीचे कपडे नकोत, केसांना वासाचं तेल नको, बाह्या मनगटापर्यंत असू द्या. जाळीचे मुखवटे पाचच आहेत, तेव्हा आळीपाळीनं पुढे यायचं. पाकासाठी साखर मंडळाकडे आहे. वाटी आणि काड्या तेवढ्या घरून आणा.