चौकटींच्या कागदावर उतरलेला देश

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून जुन्यात जुना मजकूर ठरवणारी आवृत्ती, करायला घेतली. ती पुरी झाली 1966 साली. या कामासाठी 1,259 हस्तलिखितं विचारात घेतली गेली: काश्मीरच्या शारदा लिपीतली, केरळची मल्याळम, बंगाली, मैथिली, तेलुगू, तमिळ मुलखातल्या ग्रंथ लिपीतली, नेपाळची. काम चालायचं चौकटी आखलेल्या मोठ्या कागदांवर. वरच्या ओळीत आधाराला घेतलेला श्लोक, एका चौकटीत एक अक्षर असा मांडायचा. खाली प्रत्येक पोथीची स्वतंत्र ओळ. पाठ, म्हणजे त्या जागचा मजकूर, वेगळा निघाला की तो त्याच अक्षराखाली भरायचा. असं श्लोकामागून श्लोक.

मग निवड. आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी धरलेलं तत्त्व ऐकायला सोपं आहे, राबवायला फार कठीण. उत्तरेची आणि दक्षिणेची परंपरा एकमेकींकडून उसनं न घेता जिथे जुळते, तिथला पाठ जुना मानायचा. एकाच प्रांतात आढळणारा मजकूर तळटीपेत किंवा परिशिष्टात. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपल्या घराघरांत माहीत असलेली कथासुद्धा या कसोटीवर मूळ संहितेत टिकली नाही, ती परिशिष्टात गेली. ज्या शहरात 1893 पासून गणपती सार्वजनिक मांडवात बसतो, त्या शहरातल्या विद्वानांनी हा निर्णय घेतला आणि छापला. आणि कथा पुसून टाकली नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. वगळलेला प्रत्येक पाठ तळाशी किंवा परिशिष्टात आहे, कोणत्या पोथीत सापडला त्या खुणेसह. राष्ट्रीय ठेवा ठरवण्याची याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. प्रांताचं वेगळेपण तिथे अडचण ठरत नाही, पुरावा ठरतं.

मराठी कागदपत्रांची गोष्टही अशीच. 1826 साली ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि पुढची कित्येक वर्षं तोच प्रमाण होता. त्याला उत्तर द्यायचं तर अस्सल कागद हवेत, म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, पुढे एकूण 22 झाले. 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. नावात ‘भारत’ आहे, ‘महाराष्ट्र’ नाही, याकडे जरूर लक्ष द्या. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी 1930 ते 1934 या काळात 45 भाग काढले, आणि त्या कामामागे बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार उभे होते. पुण्यातल्या रुमालांत, म्हणजे कागदांच्या कापडी गठ्ठ्यांत, दिल्ली, राजपुताना, बुंदेलखंड, बंगाल यांच्या बातम्या बांधून ठेवलेल्या आहेत, म्हणून.

हे कागद वाचताना चूक कुठे होते? बहुतेकदा तारखेत. मोडी पत्रात साल अरबी शब्दांत येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातल्या कालगणनेचं साल, 1161. हे साल मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. तेव्हा इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या पत्राला 599 मिळवायचे आणि जानेवारी ते मेच्या पत्राला 600. पानिपताची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे इथे 600. कोणी सरसकट 599 मिळवले तर लढाईच्या वेळचं पत्र वर्षभर मागे जातं आणि माणसं भलत्याच मोहिमेत उभी राहतात. अशा चुकीवर पुढे अभिमानही रचले जातात आणि भांडणंही.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत तर ओळख कशी घडते ते पायरीपायरीनं दिसतं. महात्मा फुल्यांनी 1869 साली पवाडा लिहिला, त्यातले महाराज ‘कुळवाडी भूषण’ आहेत. 1896 साली टिळकांच्या पुढाकारानं रायगडावर उत्सव झाला, तिथले महाराज परक्या सत्तेविरुद्ध उभे आहेत. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. पुढच्या वर्षी 30 नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीनं तिथे प्रचंड निदर्शनं केली. एकाच पुतळ्यापाशी देशाचा दावा आणि प्रांताचा दावा समोरासमोर आले. दोन्ही खरे होते, आणि 1 मे 1960 ला मराठी राज्य झाल्यानं देश दुबळा झाला नाही. 2025 साली युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यांतले शिवनेरी, लोहगड, राजगड पुणे जिल्ह्यातले, आणि जिंजी तमिळनाडूतला.

संग्रहालयात हे सगळं वस्तूखालच्या चिठ्ठीवर येऊन थांबतं. राजा केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या पाहायला गेलात की प्रत्येक वस्तूला मनात चार प्रश्न विचारा: कोणत्या गावची, कोणत्या कारागिरानं घडवली, कोण वापरत होतं, इथवर कशी आली. चिठ्ठीवर नुसतं ‘दिवा, पितळ, अठरावं शतक’ असेल, तर वस्तू उरते आणि तिचा मुलूख हरवतो. दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहालयाच्या नोंदवहीतला वस्तूचा क्रमांक, पुसला गेला तर ती माहिती परत मिळवणं जवळपास अशक्य होतं.

आता तुमच्या घरच्या जुन्या कागदांविषयी. मोडी पत्रांची शाई बहुधा काजळीची. ती उन्हानं सहसा फिकी पडत नाही, पण पाण्यानं पसरते. म्हणून ओल्या फडक्यानं पुसू नका, मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झाडा. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते सोडवताना कागद जातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल कोंडते आणि बुरशी धरते. धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडात बांधा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. गठ्ठ्याचा मूळ क्रम मोडू नका, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हीसुद्धा माहिती आहे. आधी त्याच क्रमानं फोटो काढा. आणि एका वेगळ्या चिठ्ठीवर, कागदावर नव्हे, पेन्सिलीनं लिहून ठेवा: कोणत्या गावचे, कोणाकडून आले, केव्हा आले.

नमस्कार.