मस्टरवर नाव कुणाचं?

कामगार संघटना चांगली की वाईट, या वादात शिरण्याआधी एक हिशेब मांडू. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला सुट्या भागांचा एखादा कारखाना धरा. आत माणसं 800. त्यांतली कायम 200. बाकीची कंत्राटी, ट्रेनी, शिकाऊ. कारखान्यात एकाहून जास्त संघटना असतील, तर नव्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वाटाघाटीला एकटीनं बसायला संघटनेकडं 51 टक्के कामगार हवेत. पण कशाचे 51 टक्के? आस्थापनेच्या मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या कामगारांचे. इथं मस्टरवर कायम 200 च, म्हणजे 102 माणसं. आठशेंच्या कारखान्यात 102 जणांच्या पाठिंब्यावर करार होतो आणि कायद्यानं तो अगदी चोख असतो.

त्या मस्टरवर ज्याचं नाव आहे, त्याच्यासाठी संघटना काय करते हे कंपनीचं चार्जशीट, म्हणजे गैरवर्तनाचं आरोपपत्र हातात पडल्यावर कळतं. चौकशीत सोबतीला कुणी नसलं की कामगार कामकाजाच्या पानापानावर न वाचता सही करतो. पुढं लेबर कोर्टात त्याच सह्या त्याच्या अंगावर येतात. मुरलेला प्रतिनिधी साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, जे बोललं गेलं ते तसंच नोंदवून घेतो, कागदांच्या प्रती मागतो. नोकऱ्या वाचतात त्या इथं. गेटवरच्या भाषणानं नाही.

करारात मात्र आपली माणसं एका जागी हमखास फसतात. फलकावर झळकतं, ‘12,000 रुपयांची वाढ!’ गुलाल उधळला जातो. ती वाढ तीन वर्षांत विभागलेली असते, तिच्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ, बोनस, कधी कँटीनसुद्धा धरलेलं असतं. विचारायचं ते एवढंच: बेसिक आणि महागाई भत्त्यात किती गेले? ग्रॅच्युइटी निघते शेवटचं वेतन गुणिले 15 भागिले 26 गुणिले सेवेची वर्षं. बेसिकमध्ये 3,000 वाढले, तर 20 वर्षांच्या सेवेवर ग्रॅच्युइटी 34,615 रुपयांनी वाढते. 6,000 वाढले तर 69,231 रुपयांनी. वेतन संहितेनं निम्म्याहून जास्तीचे भत्ते वेतनात धरायला लावल्यानं बेसिक कमी ठेवून भत्ते फुगवायची पळवाट अरुंद झाली आहे. बुजलेली नाही.

आणि त्या करारात उत्पादन वाढवून देण्याचं कलम असतंच. वाढीव नग काढतो कोण? लाइनवरचा कंत्राटी पोरगा. करारात त्याचं नाव नाही, दोन वर्षांनी ठेकेदार बदलला की कागदावरची त्याची सेवाही पुन्हा शून्यापासून. संघटनेनं त्याला सभासद करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी मनाची आहे: त्याला वाटा दिला तर आपला कमी होईल.

आता बीडकडं या. ऊसतोडीत मस्टरच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि साखर कारखान्याचा करार मुकादमाशी, म्हणजे मजूर आणणाऱ्या ठेकेदाराशी. जानेवारी 2024 मध्ये लवादानं तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवला, तो टनाला साधारण 366 रुपयांवर गेला. संघटनांचं हे यश छोटं नाही. पण हंगामाआधी मुकादमाकडून लाखाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या कोयत्याला ती फेडायला 273 टन तोडावे लागतात. दिवसाला दोन टन धरले तर 137 दिवस, तेही एक खाडा न करता आणि आठवड्याची खर्ची (घरखर्चाचे पैसे) न उचलता. कारखाना मार्चच्या आधीच बंद झाला तर? बाकी पुढच्या हंगामावर.

संपाचंही तसंच. उचल पावसाळ्यातच हातात पडून खर्चून गेलेली असते. मग दसऱ्याच्या सुमारास ‘कोयता बंद’ची हाक आली, तर ती पाळायची की मोडायची हे टोळी ठरवत नाही, मुकादम ठरवतो. त्याचं कमिशन दरावरच बसतं, म्हणून दरवाढीपर्यंत तो मजुरांच्या पुढं उभा असतो. उचलीवरचं व्याज, खाड्याचा दंड, बाईच्या आजारपणातली भरपगारी सुट्टी हे विषय निघाले की तोच समोरचा पक्ष होतो. एकाच व्यासपीठावर दोघं बसले, तर मागणीपत्रात हे मुद्दे येणार कसे?

यावरचा तोडगा जालन्या-लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात बघायला मिळतो. 1969 च्या माथाडी कायद्यानं व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडं केली. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (टक्केवारीनं जादा रक्कम) व्यापाऱ्यानं मंडळात भरायची. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार त्यातून. मालक दहा असोत की पन्नास, हमालाचं खातं एकच. यालाही कीड लागलीच: माथाडीच्या नावावर गोदामाच्या दारात खंडणी मागणारे निघाले. पण नोंद आहे म्हणून खरा कोण, खोटा कोण हे तपासता तरी येतं.

ऊसतोड कल्याण महामंडळ आहे, ग्रामसेवकामार्फत ओळखपत्रं देण्याची सोयही आहे. त्या ओळखपत्राचा नंबर काटापावतीवर, म्हणजे उसाच्या वजनाच्या पावतीवर यायला हवा. आज पावती गाडीच्या आणि मुकादमाच्या नावानं फाटते. कोणत्या कोयत्याचे किती टन, हे मुकादमाच्या वहीत. पुढच्या मागणीपत्रात दराच्या वरती पहिली ओळ हीच लिहा: खेप खाली झाल्याबरोबर वजन त्या-त्या कोयत्याच्या मोबाइलवर, आणि बाईचं नाव स्वतंत्र.