मागचं चाक कुठे बघतं?

साकीनाक्यातला गाळा. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत ट्यूबलाइटखाली स्टँडवर चढवलेली गाडी. बॉनेट उघडलं तर आत रिकामं. इंजिन आणि गिअरबॉक्स सीटच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या जरा पुढे.

कल्पना जुनी. 1972 मध्ये फियाटने एक्स वन नाइन आणली, तेव्हा 128 या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं इंजिन असंच सीटमागे आडवं बसवलं होतं. इथे तर सबफ्रेम (इंजिन आणि चाकांचे भाग धरणारा सांगाडा), चाकाला सांगाड्याशी जोडणारे आर्म, शॉकअप असा सगळा पुढचा संच मागे गेलाय. बरंचसं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातलं.

चार चाकांखाली चार वजनकाटे, सीटवर ड्रायव्हर. पुढे 310 किलो, मागे 460. वजन मधोमध गोळा झाल्यामुळे गाडी झटकन वळते. मात्र मागची बाजू सुटली, तर तितक्याच झटकन गरकन फिरते.

गाळ्यात येणारा प्रत्येक जण आधी स्प्रिंगबद्दल विचारतो. पुढे भार घटला म्हणून मऊ, मागे वाढला म्हणून कडक, हे ठरतंच. माझी नजर मात्र एका साध्या दांडीवर आहे, टाय रॉडवर. स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारी ती हीच.

मागे आलेल्या या संचाची चाकं मूळ गाडीत स्टेअरिंगने वळायची. आता वळायला नकोत, म्हणून रॅक (स्टेअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणारा दातेरी दांडा) काढून टाय रॉडचं आतलं टोक ब्रॅकेटने चॅसीला जखडलंय. पण चाक वर-खाली होताना लोअर आर्म, म्हणजे खालचा आर्म, एका कमानीत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या. कमानी जुळल्या नाहीत, तर स्टेअरिंगला हात न लावता चाक वळतं.

फिटरमामांनी स्प्रिंग काढली आहे. चाकाच्या जागी सरळ फळी, तिच्या दोन्ही टोकांपासून ताणलेल्या दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. जॅक दहा-दहा मिलिमीटर वर. "पन्नास झाले," मामा म्हणतात. फळीचं पुढचं टोक 4 मिलिमीटर बाहेर गेलंय.

वळणावर बाहेरचं मागचं चाक दाबलं जातं, आणि नेमकं तेव्हाच ते बाहेर बघतं. अशात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके पडतात. मग सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. ही जोडणी घाईघाईत उरकलेली मला बघवत नाही.

दांडी ॲक्सलच्या मागच्या अंगाला आहे, म्हणून आतलं टोक वर घ्यायचं. ब्रॅकेटला 6 मिलिमीटर वर नवं भोक. परत फळी, परत जॅक. आता फरक 1 मिलिमीटरच्या आत.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 असे बदल होऊ देत नाही. ही गाडी टेम्पोवर चढून ट्रॅकवरच जाईल.

मामा जॅक ओढत पलीकडे जातात. डावं चाक अजून मोजायचंय.