अंगठ्याला ढील हाय

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर हा जो वायरींचा गुंता दिसतोय, तो हातमोजा आहे. येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "काय ओ, बीपी तपासायचं मशीन हाय का?" मी हो म्हणालो. सात रस्त्यापासून इथपर्यंत एवढ्यात खरं सांगून झालं नसतं.

व्हीआरचा, म्हणजे आभासी जग दाखवणारा, चष्मा चढवला की समोर चेंडू दिसतो. तुम्ही तो धरायला जाता, आणि बोटं चेंडूतून आरपार जाऊन तळव्याला टेकतात. डोळा म्हणतो आहे, हात म्हणतो नाही. यावर बाजारातला उतारा म्हणजे थरथर. गेमच्या कंट्रोलरमध्ये ती १९९७ च्या सुमाराला घरोघर पोचली. पण खिशात मोबाइल थरथरला म्हणून तो हातात आल्यासारखा वाटतो का? माझा मोजा थरथरत नाही, ढकलतही नाही. तो बोटाला अडवतो, बस्स.

मूळ आराखडा माझा नाही. लुसिडग्लोव्हज नावाचा खुला आराखडा आहे. कुणीही घ्यावा, बदलावा. ओळखपत्राची ती फिरकी असते ना, दोरी ओढली की सुटते आणि सोडली की आत जाते, तसल्या पाच फिरक्या हाताच्या पाठीवर बसवायच्या. दोरीचं टोक बोटाच्या शेंड्याला. बोट मिटलं की फिरकी फिरते, तिच्याबरोबर पोटेन्शिओमीटर फिरतो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा, तोच. ईएसपी-३२ नावाचं छोटं कॉम्प्युटर-बोर्ड तो किती फिरला याचा आकडा वाचून कॉम्प्युटरला कळवतं की तर्जनी इतकी मिटली. चेंडू आडवा आला की फिरकीशेजारची सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणारी छोटी मोटर) आपली पट्टी फिरकीवरच्या स्क्रूच्या वाटेत उभी करते. फिरकी अडली, दोरी अडली, बोट अडलं. हात हवेत कुठं आहे हे मोज्याला कळत नाही. त्यासाठी नेहमीचा कंट्रोलर वर बांधावाच लागतो.

खरी गोम वेळेत आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांत डोळ्याला फसवतो. हात इतक्यात फसत नाही. प्रयोगशाळेतली स्पर्शाचा भास देणारी यंत्रं सेकंदाला १००० च्या आसपास वेळा जोर बदलतात. १९९० च्या दशकात एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम नावाचं असं यंत्र केलं. शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोपीत बोट घालायचं आणि नसलेली भिंत चाचपायची. (हा मॅसी पुढे अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला. नसलेल्या भिंतींचा अनुभव तिथं कामाला आला असेल.) माझ्या सर्व्होला हुकूम मिळतो सेकंदाला ५० वेळा, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी, आणि पट्टी फिरायला लागतो तो वेळ वेगळाच. बोट टेकल्यावर पट्टी हलवली तर ती पोचेपर्यंत बोट चेंडूच्या पोटात. म्हणून मी एक बदल केला. हात चेंडूजवळ आला, की बोट मिटायच्या आधीच पट्टी जागेवर नेऊन ठेवायची. बोट येतं तेव्हा ती तिथं वाट बघत असते. या युक्तीनं दगड जमतो, लाकूड जमतं. स्पंज जमत नाही.

फजित्या पुष्कळ झाल्या. वायफाय सुरू केलं की दोन बोटं मुकी व्हायची. आठवडाभर मी वायरी बदलत बसलो. या बोर्डाच्या काही पिना वायफाय चालू असताना असे आकडे वाचूच शकत नाहीत, हे माहितीपत्रकात छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. मग पाची बोटांनी चेंडू घट्ट धरला की बोर्ड बंद पडून परत सुरू व्हायचं. पाच मोटरी एकदम जोर लावतात, तो करंट यूएसबीतून कुठून यायचा? मोटरींना वेगळा पुरवठा दिला आणि दोन्हीकडची ग्राउंड वायर एकत्र जोडली, तेव्हा थांबलं. आणि मे महिन्यात थ्रीडी प्रिंटरवर छापलेले मोज्याचे प्लास्टिकचे भाग बंद गाडीत विसरू नका. ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. आपल्या गावात उन्हातली गाडी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमचे आप्पा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. त्यांना मोजा घातला, तर चष्मा नको म्हणाले. डोळे मिटून चार वेळा मूठ उघडझाप केली आणि म्हणाले, "अंगठ्याला ढील हाय." मी स्क्रीनवरच्या पाच रेषा दाखवल्या, पाची व्यवस्थित. "रेघा र्‍हाऊ दे. दोरा बघ." मी खोलून पाहिलं. अंगठ्याच्या फिरकीतली स्प्रिंग मेली होती. दोरी पुरती आत जात नव्हती, चार-पाच मिलिमीटर लोंबत होती, त्यामुळे बोट थोडं मिटेपर्यंत फिरकी हलतच नव्हती. माझा प्रोग्राम सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून मधलं माप आखतो, त्यामुळे ही ढील त्यात बेमालूम झाकली गेली होती. मागावरच्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, ढील-ताण हातानं ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापासून ती लपली नाही. तेव्हापासून मी प्रोग्राम लावायच्या आधी पाची दोर्‍या बोटानं छेडून बघतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, यात सोलापुरी चादर हाताला लागेल का? नाही लागणार. चादरीची जाडी कुठं संपते ते मोजा सांगेल. पोत ही कातडीवरून कापड सरकताना उठणार्‍या बारीक कंपनांची गोष्ट आहे, आणि या मोज्यात कातडीला काहीच शिवत नाही. मोज्याच्या बोटांचे शेंडे तर मी उन्हाळ्यात घामापायी कापूनच टाकलेत. शेंड्यांवर छोट्या कंपन-मोटरी लावून बघतोय. सध्या चादर, टॉवेल आणि पॉलिश पेपर तिन्ही सारखेच लागतात.

आता ज्यांना घालून बघायचाय त्यांनी एकेक करून पुढे या. अंगठ्या तेवढ्या काढून या, दोरी अडकते.